डिझल पेलेला घट

मले आवाज काढता येतात. स्वतःचा सोडून सगळ्यायचे. शाळेत होतो तवा हेडमास्तरचा खोकला इतका हुबेहूब काढायचो का प्रार्थनेच्या लायनी आपोआप सरळ व्हायच्या. एकदा किन्हीराजाच्या स्टँडवर उभ्या येष्टीत बसून म्या तोंडानं कंडक्टरची घंटी वाजवली, तं ड्रायव्हरनं गेर टाकून गाडी काढली. कंडक्टर खाली चहा पेत होता. त्याले मागं पळतानी पाहून मीच दुसऱ्यांदा घंटी मारली आन गाडी थांबवली. इतकी माणुसकी मायात आहे.

घरात फक्त बाबाचा आवाज जमत नाई, कारण बाबा बोलतच नाईत. वर्षातून चार-पाच वाक्यं, त्यातली तीन बैलासंग. मायचा जमते, पण काढला का पायातली चप्पल येते. दादाचा जमते, त्याले राग येते. मंग उन्हाळ्यात दादाचं लगन झालं, इंझोरीकडची वयनी घरात आली, आन मले वाटलं चला, नवा माल आला. पण वयनी बी बाबासारखीच निघाली. "हो जी", "नाई जी", "चहा ठेवू का", बस. कामाच्या मधात उभी राहून सगळ्यायचं ऐकून घ्यायची आन आत निघून जायची. चार महिन्यात मले तिच्यातून एक आयटम काढता आला नाई.

आता जे सांगून राह्यलो ते ह्या वयनीच्या पहिल्या घटाचं आहे. त्यात दोष सगळा माया तोंडाचा आन एका पायाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नाईतं लोकं उगाच देवीवर शंका घेतात.

मृगात पेरणीले गावातल्याच एकाचं ट्रॅक्टर सांगतलं होतं. त्याचा ड्रायव्हर म्हणजे खजिना. दिवसभर त्याच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. ओठ उघडले तं खर्रा सांडन, म्हणून तो ओठ बंद ठेवूनच बोलते. "भाऊ, डिझल टाका" हे तो "म्हाऊ, मिझम माका" असं म्हणते, आन सगळ्यायले बरोबर समजते.

त्या दिवशी तो चहा प्यायले धुऱ्याच्या बांधापल्याड गेला. जातानी मले म्हणे, कॅन हाये, नरसाळं हाये, टाकून दे. ट्रॅक्टर कडुलिंबाजवळ उभं होतं. म्या भरलेली कॅन उचलून मडगार्डवर ठेवली, झाकण काढलं, आन खाली पाह्यलं तं झाडाच्या सावलीत चार-पाच मजूर बाया भाकर खाऊन राह्यल्या होत्या. आता मले चार माणसं आन उंच जागा एकाच टायमाले भेटली का मी माया हातात राहत नाई. सीटवर उभा राह्यलो, गालात रुमाल कोंबला आन ड्रायव्हर चालू केला. "मायहो, मिकडे मघा." बाया लोळाले लागल्या. एक म्हणे, "अगाई वं, तोच शिरला ह्या पोट्ट्यात." एवढी दाद भेटल्यावर थांबते कोण. ड्रायव्हर ट्रॅक्टरवरून उतरते कसा, एक पाय हवेत गोल फिरवून, ते म्या करून दाखवलं.

त्या पायानं कॅन गेली.

ढब. ढब. ढब. ढब.

कॅन चाकाजवळ उलटी पडली, तोंड खाली, आन डिझल मातीत. बाया अजून जोरात हसल्या. त्यायले वाटलं, तो ढब ढब आवाज बी मीच काढून राह्यलो. एकीनं तं हातातली भाकर खाली ठेवून टाळी वाजवली. आता सांगा, कलाकारानं काय करावं. मी तोंड हलवत राह्यलो. कॅन पुरी रिकामी होईपर्यंत गाल फुगवून ढब ढब करत उभा होतो, आन खाली बाया म्हणून राह्यल्या, "कॅन बी करते वं हा."

त्या उठून गेल्यावर म्या खाली उतरून पायानं कोरडी माती वर ढकलली. माती डिझल अशी पेली जशी काही तिले उन्हाळाभर तहान लागली होती. पाच मिनिटात वरून काही दिसे ना. ड्रायव्हर आला, म्या म्हटलं टाकलं. टाकीत आधीचं थोडं होतं, त्याच्यावर कशीबशी पेरणी निभली. संध्याकाळी दादा म्हणे, "हे ट्रॅक्टर डिझल पेते का ढोसते बे?" आन ड्रायव्हर म्हणे, "मिंजन मुनं मालं, म्हाऊ." इंजन जुनं झालं. म्या जाणत्या माणसावाणी मान हलवली.

वास चार दिवस राह्यला. मंग पाऊस आला आन वास गेला. म्या मनात म्हटलं, चार पावसात धुऊन जाते. हे वाक्य ध्यानात ठेवा, म्या बी लय दिवस ठेवलं.

सोयाबीन उगवलं. सगळं वावर हिरवं, आन कडुलिंबाजवळ खाटेएवढी एक जागा, टक्कल. दादा तिथं उभा राहून स्वतःचं डोकं खाजवे. आधी म्हणे, पेरणी यंत्राची नळी चोंदली असन. त्यानं तिथं हातानं पुन्हा बी टोकलं. चार-दोन रोपं आली, पिवळी, काडीपेटीच्या काडीएवढी, आन मुंडी खाली घालून मेली. शेजारची काकू म्हणे दृष्ट लागली. म्या हात मागं बांधले, पोट पुढं काढलं आन कृषी सहायकाच्या आवाजात सांगतलं, "बघा, ही लोहाची कमतरता आहे. सूक्ष्म अन्नद्रव्य." दादा दुसऱ्या दिवशी खरंच तिथं काहीतरी फवारून आला. मंग पाखरायचं कारण, मंग वाणी किड्याचं, मंग खराब बियाण्याचं. एकेक कारण मी वेगवेगळ्या आवाजात देत गेलो, कारण माया आवाजात द्यायचं तं एकच होतं. वयनी डब्बा घेऊन वावरात यायची, हे सगळं ऐकायची आन भाकर वाढायची.

एक गोष्ट मले तवाच दिसली होती, पण म्या पाह्यली नाई. पाऊस पडला का सगळ्या वावरात पाणी मुरे, आन त्या खाटेवर थेंब गोल होऊन उभे राहत, अळूच्या पानावर राहतात तसे. दुसरीकडं पाय ठेवला तं गांडुळाची माती, इथं एक गांडूळ नाई, मुंगी सुद्धा वळसा घालून जाये. मुंगीले समजलं होतं, मी मॅट्रिक पास आहो.

नवरात्र आलं. माय म्हणे, "यंदा घट सूनबाई बसवन."

आमच्याकडे घटाले आपल्याच वावरातली माती लागते. ती चाळायची, पळसाच्या पत्रावळीवर पसरायची, त्यात गहू-ज्वारी पेरायची, वर पाण्यानं भरलेलं मातीचं मडकं ठेवायचं. मडकं पाझरते, माती ओली राहते, आन नऊ दिवसात पिवळेधमक कोंब वीतभर होतात. रोज एक माळ चढते. एकदा बसवला का घट नऊ दिवस जागचा हलवायचा नाई, हा नियम. कोंब कसे आले त्यावरून लोकं पुढच्या पिकाचं पाहतात. आन कोणी तोंडानं म्हणत नाई, पण ज्या बाईनं पेरले तिच्या हाताचं बी पाहतात.

माय पुढं म्हणे, "घट चांगला आला तं हरभऱ्याची पहिली मूठ बी तुयाच हातानं."

आमच्या घरात पहिली मूठ मायची. मले समजते तवापासून तिचीच. तिनं पहिली मूठ टाकल्याबिगर पेरणी चालू होत नाई. ती मूठ सुनेले देणं म्हणजे घराची चाबी देण्यावाणी आहे. वयनी "हो जी" म्हणे. मंग जरा थांबून पुन्हा म्हणे, "हो जी." एकाच गोष्टीले तिनं दोनदा हो म्हटलेलं म्या पहिल्यांदाच ऐकलं.

माती आणायले मले पाठवलं. "स्वच्छ आण बाप्पा," माय म्हणे. "गवताच्या मुया नाई, गोटे नाई, कोनी तुडवली नसन अशी."

वावरात सोयाबीन वाळून उभं होतं. वाळलेल्या शेंगा अशा टोचतात का विचारू नका, आन मी हाफ चड्डीवर. आत शिरायचं म्हणजे पिंडऱ्या सोलून घ्यायच्या. आन समोर कडुलिंबाखाली ती खाट. मोकळी. गवताची मुळी नाई, गोटा नाई, कोणी तुडवली नाई, कारण तिथं कोणाचं कामच नव्हतं. मायच्या सगळ्या अटीत बसणारी वावरात तेवढी एकच जागा होती. पाऊस तं चार महिने झाला होता, आन मायं म्हणणं चार पावसायचंच होतं. तरी म्या माती हुंगून पाह्यली. थोडा वास आला. मले वाटलं ट्रॅक्टरचा आहे. ट्रॅक्टर तिथं नव्हतं. म्या घमेलं भरलं आन घरी आलो.

वयनीनं माती चाळायले घेतली. चाळतानी ती एकदा थांबली, चिमूटभर माती नाकाजवळ नेली, मंग मायाकडं पाह्यलं. म्या छताकडं पाह्यलं. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं, पण म्या लय वेळ पाह्यलं. मंग तिनं दाणे पेरले, मडकं ठेवलं, दिवा लावला. बाबानं नारळ ठेवला, काही न बोलता.

दुसऱ्या माळेले पाणी मातीवर उभं. मडक्यातून पाझरलेलं पाणी मुरायच्या ऐवजी टपोऱ्या थेंबायनं इकडून तिकडं पळे, आन पत्रावळीच्या काठाले एक बारीक पट्टा, निळा, जांभळा, सोनेरी, मोराच्या पिसावाणी. मायनं हात जोडले. म्हणे, "देवीचे रंग हायेत." म्या बी जोडले. ते रंग कोणत्या देवीचे आहेत ते मले आता समजाले लागलं होतं.

तिसऱ्या माळेले गल्लीतल्या सगळ्या घटायले मोड फुटले. शेजारची काकू आरतीच्या निमित्तानं आली. ही काकू घट पाहत नाई, तपासते. वाकली, चष्मा कपाळावर चढवला.

"काहून वं, मोड नाई अजून?"

"येतीन ना," माय म्हणे. "आभाय हाये दोन दिवसापासून."

"आभाय तं आमच्याकडे बी तेवढंच हाये. भिंत एकच हाये आपली."

वयनी चहा घेऊन आली. काकूनं कपाकडं नाई, तिच्या हाताकडं पाह्यलं.

"इंझोरीले घट बसवतात का वं पोरी?"

"हो जी."

"उगवतात?"

"हो जी. लय."

"मंग पाणी बदललं असन," काकू म्हणे, आन त्याच पाण्याचा चहा फुर्र करून पेली.

ती गेल्यावर म्या एक उपाय केला. तेल कशानं निघते? कपडे धुवायच्या पावडरनं. दुपारी सगळे लवंडले तवा चिमूटभर पावडर हळूच मातीवर भुरभुरली. संध्याकाळी आरतीले घटाभोवती फेस. माय आरती म्हणता म्हणता अडखळली. वयनीनं पदराच्या टोकानं फेस टिपला आन पदर हुंगला.

चौथ्या माळेले गव्हाचे दाणे फुगून काळे पडले होते. मोड नाई. माय दादाले बाजूले घेऊन हळूच म्हणे, "हरभऱ्याची मूठ औंदा राहू दे. मीच धरीन. तिले पुढच्या साली पाहू."

वयनी चुलीजवळ भगर ढवळून राह्यली होती. तिचा हात थांबला नाई, पण चमच्याचा भांड्याले लागायचा आवाज बंद झाला. असले बारीक आवाज मले ऐकू येतात. बाकीच्यायले येत नाईत, त्यायचं बरं आहे.

पाचव्या दिवशी दादानं मळणी यंत्राचा एक पार्ट दुरुस्त करून आणायले मले वाशीमले धाडलं. तिथं स्टेशनकडच्या रस्त्यावर एका चाचाचं गॅरेज आहे. चाचाच्या हाताखाली आमच्या घरातली सगळी इंजनं मोठी झाली. मी गेलो का आधी चाचाले त्याचाच आवाज ऐकायचा राहते.

"क्या मियाँ, आज कौन बनके आया?"

"आज मीच आहो चाचा."

"तबीयत ठीक नही क्या?"

म्या सगळं सांगतलं. मडगार्ड, बाया, कॅन, खाट, घट, फेस. फेसाजवळ आल्यावर चाचानं पाना खाली ठेवला, स्टूलवर बसला आन दोन्ही हातानं पोट धरून हसला. मंग डोळे पुसले, त्यानं डोळ्याखाली काळं लागलं, आन तसाच उठून मले गॅरेजच्या मागं घेऊन गेला.

"ये देख."

मागं गाजरगवत कंबरभर, आन त्याच्या मधात एक चकचकीत काळा तुकडा. त्याच्यावर एक काडी नाई.

"यहाँ पहले पुराना तेल फेकते थे. तीन बार नीम लगाया. नीम समझता? दीवार में उगता वो. तीनों गये."

चाचानं एक ढेकूळ उचललं, फोडलं, त्याच्यावर ग्लासातलं पाणी ओतलं. थेंब घरंगळून खाली पडले. ढेकूळ आतून कोरडंच.

"तेल मिट्टी के दाने-दाने पे चढके बैठ जाता. पानी अंदर नही जाता, हवा अंदर नही जाती. बीज का दम घुटता."

"पण चाचा, चार महिने पाऊस झाला. मले वाटलं धुऊन गेलं."

"पेट्रोल होता तो थोडा उड भी जाता. डिझल भारी, वो बैठता. और सुन, मिट्टी में बारीक जीव रहते, आँख से दिखते नही. वो तेल खाने लगते. अच्छी बात है. लेकिन तेल हजम करने को उनको खाद लगता, तो मिट्टी का सारा खाद वोच खा जाते. पौधे की थाली में क्या बचा?" चाचानं रिकामा हात दाखवला. "इसलिए पीला आता. लोहा-बिहा कुछ नही."

हे त्याले शेतकी कॉलेजच्या एका पोरानं सांगतलं होतं, गाडी दुरुस्तीले आला होता तवा. तवापासून चाचा गाडीखाली ट्रे ठेवते आन जुनं तेल डब्यात जमा करते.

"मंग माती सुधरत नाई का कधी?"

"सुधरती. गोबर डाल, भूसा-कुटार डाल, पलटी मार, गीला रख, फिर पलटी मार. उन जीवों को पेटभर खिला, वो तेल निपटा देंगे. साल-दो साल पकड. मगर मियाँ, तेरा घट तो नौ दिन का है."

"चार राह्यले."

"तो मिट्टी को छोड, घरवालों को ठीक कर. और उस ड्रायव्हर की आवाज में मत बोलना."

निघतानी त्यानं मायाकडून स्वतःचा आवाज ऐकूनच घेतला. म्हणे, आज फीका था.

येतानी येष्टीत मी सराव करत आलो. कृषी सहायकाच्या आवाजात चांगलं जमत होतं, त्यात चूक कोणाची आहे ते शेवटपर्यंत समजत नाई. चाचाच्या आवाजात तं ऐकणाराच गुन्हेगार वाटे. माया आवाजात पहिलंच वाक्य घशात अडके. बाजूची बाई म्हणे, "उलटी येऊन राह्यली का बाप्पा? खिडकीत ये."

सहाव्या माळेची आरती झाली. माय, बाबा, दादा, वयनी, आन तपासणीले आलेली काकू, सगळे घटापुढं बसले होते. काकू म्हणे, "मी सांगू का, पुढच्या साली तुच बसव वं. पोरीले अजून..." तिनं वाक्य सोडून देलं आन प्रसाद घेतला.

म्या घसा साफ केला. हात मागं बांधले.

"तर या ठिकाणी आपल्याला असं दिसून येतं की..."

"आता नोको रे," माय म्हणे. "जीव लागून नाई राह्यला."

म्या चाचा काढला. "देखो, मिट्टी का ऐसा रहता..."

"चूप बस बे," दादा म्हणे.

मंग मायाच्यानं राहवलं नाई आन ड्रायव्हर निघाला. "म्हयनीच्या माताचं माई माई." काकू प्रसाद खाता खाता हसली, तिले ठसका लागला. वयनी उठून आत गेली. म्या म्हटलं गेली, आता रडन, आन ते बी मायामुळं.

ती बाहेर आली तं हातात वनस्पती तुपाचा जुना डबा होता. तो तिनं घटाच्या बाजूले ठेवला. डब्यात गव्हाचे कोंब, बोटभर, दाट, दात घासायच्या ब्रशावाणी.

"आत्याबाई, हे तेच गहू हायेत," वयनी म्हणे. "दुसऱ्या माळेले पेरले, याच हातानं. पाणी बी आपल्याच हिरीचं. माती तुळशीतली." मंग मायाकडं वळली. "आता भाऊजी, तुमच्या आवाजात सांगा."

काकूचा चष्मा वर गेला.

माया तोंडून जो आवाज निघाला तो मले स्वतःले ओळखू आला नाई. बारीक, फाटका, सर्दी झालेल्या कोंबड्यासारखा. "वयनीच्या हाताचं काही नाई. पेरणीच्या दिवशी कडुलिंबाजवळ म्या लाथेनं डिझलची कॅन उलटी केली. वावरातलं टक्कल त्याचंच आहे. घटाची माती बी तिथलीच आणली. मले वाटलं, चार पावसात धुऊन जाते."

दिवा फुरफुरला.

"म्हणजे ते लोहाची कमतरता..." दादा हळूहळू म्हणे.

"नव्हती."

"आन म्या जे फवारलं..."

"हो."

"आन ट्रॅक्टर डिझल ढोसते म्हणून म्या त्याच्या मालकासंग बोलणं सोडलं..."

"हो दादा."

माय घटाकडं पाहून राह्यली होती. ज्या पट्ट्यापुढं तिनं हात जोडले होते त्या निळ्या-जांभळ्या पट्ट्याकडं. "म्हणजे," ती म्हणे, "सहा दिवस देवीले डिझल पाजून राह्यलो आपुन."

आन तवा बाबा बोलले. "म्हनून दिवा लय चांगला जयून राह्यला."

एक क्षण कोणालेच समजलं नाई का आवाज कुठून आला. सगळ्यायनं मायाकडं पाह्यलं. म्या दोन्ही हात वर केले, मी नाई म्हणून. मंग माय हसाले लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवून, आन एकदा ती चालू झाली का थांबत नाई. दादाले मले मारायचं होतं, तो उठला बी, पण हसता हसता मारता येत नाई, भिंतीले टेकून राह्यला. काकूनं तं घटापासून दिवा जरा लांब सरकवला, खरंच पेट घेतला तं काय करता म्हणून, आन त्यावर पुन्हा सगळे.

हसणं थांबल्यावर माय वयनीले म्हणे, "तुले वास आल्ता तं बोलली काहून नाई वं?"

"नव्या सुनेनं येऊन म्हणावं का तुमच्या वावराची माती खराब हाये?" वयनी म्हणे. "तुमी मातीले बोल लावला असता का मले?"

मायनं पदर सारखा केला. काकूनं बी चष्मा डोळ्यावर घेतला.

"म्हणून आधी गहू तपासला, मंग हात तपासला. दोन्ही चांगले निघाले. मंग उरलं कोण ते पाहत होती."

उरलेल्याकडं सगळ्यायनं पाह्यलं. यावेळी छताकडं पाहून काही उपयोग नव्हता.

घट नियमाप्रमाणं जागेवरच राह्यला. नवव्या दिवशी त्यात सात कोंब होते, मरतुकडे, एकाच काठाले. दसऱ्याले आमच्याकडे माणसं घटातले कोंब टोपीत खोचतात. मायनं बाबाले आन दादाले वयनीच्या डब्यातले दाट कोंब देल्ले, आन घटातले सातही माया टोपीत खोचले. "तुहं पीक तूच मिरव." मी ते खोचून गावभर आपट्याची पानं वाटत फिरलो. दोघा-तिघायनं इचारलं, टोपीले काय झालं.

सोयाबीन निघाल्यावर दादानं शिक्षा सांगतली. ती खाट आता माही. सुधरत नाई तवरोक शेण टाकायचं, कुटार टाकायचं, पाणी मारायचं, कुदळीनं पालथी करायची. पहिली शेणाची पाटी बाबानं आणून देल्ली, काही न बोलता. त्यायचं वर्षाचं वाक्य खर्च झालं होतं. पंधरा-वीस दिवसायनं पालथी करतानी काठाले एक गांडूळ भेटलं. म्या ते तळहातावर घेऊन घरभर दाखवलं, जसं काही जावई आला. माय म्हणे, "ठेवून ये त्याले, घाबरलं ते."

हरभऱ्याची पहिली मूठ वयनीनंच टाकली. माय पदर खोचून धुऱ्यावर उभी होती, हात रिकामे. तिले रिकाम्या हाताचं काय करावं समजे ना, तं तिनं ते कमरेवर ठेवले. वयनीनं खाट सोडून चांगल्या कोपऱ्यात मूठ धरली, डोळे मिटले, दाणे सोडले. आठ-दहा दिवसात हरभरा असा उगवला का दोरी धरून लावल्यावाणी.

काकू तपासणीले वावरात आली. धुऱ्यावरून लांबवर पाह्यलं, चष्मा वर केला, खाली केला. दोष भेटे ना.

"गुण हाये वं पोरी तुया हाताले," म्हणे. लय अवघड गेलं तिले. मंग तिची नजर कडुलिंबाजवळ गेली, जिथं मी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभा होतो. "आन हे टक्कल कधी भरन वं?"

वयनीनं हात मागं बांधले. पोट पुढं काढलं. मान थोडी तिरपी केली, जशी मी करतो आन मले माहीत नव्हतं का मी करतो.

"बघा," ती म्हणे, "सूक्ष्म अन्नद्रव्य." मंग आवाज बदलला, बारीक, फाटका, सर्दी झालेल्या कोंबड्यासारखा. "चार पावसात धुऊन जाते, काकू."

तो माहा आवाज होता. जसाच्या तसा, शेवटी जी फाट पडते तिच्यासकट. लगनापासून मी तिच्यात आयटम शोधून राह्यलो होतो, आन ती भाकर वाढता वाढता मले पुरा उचलून बसली होती. दादा धुऱ्यावर आडवा झाला. मायनं कमरेवरचे हात तोंडावर नेले. काकू एकदा तिच्याकडं पाहे, एकदा मायाकडं, आवाज कोणाच्या तोंडातून आला ते तपासत.

म्या हसू दाबून धरलं, कारण डोक्यावर पाटी होती. पण दाबलेलं हसू कधी राह्यलं आहे का. पाटी गेली, पुरीच्या पुरी सांडली. बरोबर जागेवर सांडली, एवढंच.